अबोल मुले, जपानी मालिका आणि वाचकांचे प्रश्न

बुजऱ्या मुलांच्या मैत्रीवर बेतलेल्या हलक्याफुलक्या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, मालिकांचा गेल्या अंकात ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी विचारणा केली. पालकांची काळजी, शिक्षकांची अडचण आणि मुलांचे कुतूहल, असे तिन्ही या पत्रांत आहे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. ती मुळातच अबोल. कुणाकडे गेलो तरी माझ्या पाठीमागे उभी राहते. सध्या ती एक जपानी मालिका पाहते आणि त्यातली नायिका वर्गात तोंडच उघडत नाही. अशाने माझी मुलगी आणखी घुमी तर होणार नाही ना?
— एक आई, गुहागर

उत्तर : तुमच्या वर्णनावरून ती मालिका ‘कोमी कान्ट कम्युनिकेट’ असावी. तोमोहितो ओदा यांची मूळ चित्रकथा २०१६ साली ‘शोनेन संडे’ या जपानी साप्ताहिकात सुरू झाली आणि २०२५ च्या जानेवारीत संपली. तिच्यावरून केलेली मालिका २०२१ च्या ऑक्टोबरात आली आणि दोन पर्वांत मिळून तिचे २४ भाग झाले. नायिका शोको कोमी देखणी, उंच आणि शांत आहे. चारचौघांत बोलायची वेळ आली की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही आणि अंग थरथरू लागते. वर्गातल्या मुलांना मात्र वाटते, की ही मोठी खानदानी असल्यामुळे कुणाशी बोलत नाही. आपल्याकडे अशा मुलीला शिष्ट ठरवून लोक मोकळे होतात, तिथे तिची जवळजवळ पूजा होते, एवढाच काय तो फरक. परिणाम दोन्हीकडे एकच होतो : डबा एकटीने खावा लागतो.

पहिल्याच भागातला फळ्याचा प्रसंग तुम्ही मुलीच्या शेजारी बसून जरूर पाहा. वर्गात दोघेच उरलेले असताना शेजारच्या बाकावरचा तादानो कोमीला विचारतो, की तुला लोकांशी बोलणे जड जाते का? तिला उत्तर देता येत नाही. ती फळ्यापाशी जाते, खडू उचलते आणि लिहू लागते, आणि वर्षानुवर्षे मनात साठलेले सगळे त्या फळ्यावर उतरत जाते. तादानो तिला ‘अगं, बोल ना’ असे म्हणत नाही; तोही खडू हातात घेतो आणि फळ्यावरच उत्तर लिहितो. पुढे ती शंभर मित्रमैत्रिणी मिळवण्याची इच्छा सांगते, तेव्हा पहिला मित्र मी होतो आणि उरलेल्या नव्व्याण्णवांसाठी मदत करतो, असे तो कबूल करतो. सगळी मालिका या एका कबुलीवर उभी आहे. कोमी काही पुढच्या भागांत बडबडी होत नाही. वहीत लिहून दाखवणे हाच तिचा बोलण्याचा मार्ग बराच काळ राहतो, आणि बदलतात ती तिच्या आजूबाजूची माणसे. तिचे वडीलही तिच्याइतकेच मुके आणि आई मात्र कमालीची बोलकी दाखवली आहे, हे तुम्हाला विशेष आवडेल असे वाटते.

तेव्हा मुलीच्या घुमेपणाचा दोष या मालिकेला देता येणार नाही. उलट, आपल्यासारख्याच एका मुलीची गोष्ट इतक्या आपुलकीने सांगितली जाते, याचे तिला बरे वाटत असावे. तुमच्याकडून मात्र एक गोष्ट व्हायला हवी. पाहुण्यांसमोर ‘काकूंना नाव सांग, कविता म्हणून दाखव’ हा आग्रह सोडून द्या आणि तिच्या हाताला काम द्या, तेही शक्यतो दुसऱ्या एखाद्या मुलीच्या जोडीने. गणपतीत वाडीतली मंडळी आरतीला येतात, तेव्हा दुर्वांच्या जुड्या बांधायला शेजारच्या मुलीला बोलावून दोघींना एका सुपाशी बसवा आणि तुम्ही तिथून उठून जा. कुणी ऐकायला नसले, की जुडी बांधता बांधता एखादे वाक्य आपोआप निघते.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. या मालिकेत यामाई नावाची एक मुलगी आहे, तिला कोमीचे अक्षरशः वेड लागलेले असते आणि त्या वेडापायी ती तादानोला पळवून नेऊन डांबून ठेवते. हे सारे विनोदाच्या अंगाने येत असले, तरी माझ्या मते तो विनोद फसलेला आहे, आणि घरात लहान भावंडे असतील तर तो भाग त्यांच्यासमोर लावू नये.

प्रश्न : माझा पुतण्या पहिलीत आहे. घरी त्याचे तोंड बंद होत नाही, पण शाळेत जून महिन्यापासून त्याने एक शब्दही उच्चारलेला नाही. अशा मालिका दाखवल्या तर त्याची भीड चेपेल काय?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : मालिका बाजूला ठेवा. घरी मोकळेपणाने बोलणारे मूल शाळेसारख्या ठरावीक ठिकाणी महिनोन्‌महिने बोलत नसेल, तर तो नुसता लाजाळूपणा नसण्याचा संभव आहे. वैद्यकशास्त्रात याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात आणि त्याच्या मुळाशी हट्ट नसून तीव्र चिंता असते. शाळा सुरू झाल्यानंतरचा पहिला महिना बुजण्यात जाणे स्वाभाविक आहे, पण त्यानंतरही मौन टिकले तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवे, आणि जितक्या लवकर दाखवाल तितके उपचार सोपे जातात. तोवर त्याला बोलण्यासाठी आमिष दाखवू नये, न बोलल्याबद्दल शिक्षा करू नये आणि शिक्षकांनाही तसे सांगून ठेवावे. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास विचारता येते आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

प्रश्न : मी नववीत आहे. ‘बोची द रॉक!’ मध्ये बोची आंब्याच्या खोक्यात बसून गिटार वाजवते, ते पाहून आम्ही घरातले सगळे हसलो, कारण हंगामात आमच्या पडवीत तसल्या खोक्यांचा ढीग असतो. मी पेटी वाजवते, पण घरातच. यंदा बाईंनी स्नेहसंमेलनात साथीला बसायला सांगितले आहे आणि मलाही खोक्यातच बसावेसे वाटत आहे. काय करू?
— एक विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : खोका तर तुमच्या पडवीत तयारच आहे, पण त्यात पेटीचा भाता हलवायला जागा पुरणार नाही.

अकी हामाजी यांच्या चित्रकथेवरून केलेली ही १२ भागांची मालिका २०२२ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आली. तू ती पाहिली आहेस, त्यामुळे कथा सांगत बसत नाही. ज्या वाचकांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच, की हितोरी गोतो ऊर्फ बोची ही कपाटात बसून वर्षानुवर्षे गिटारचा सराव करणारी मुलगी आहे आणि जुन्या ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून तिने घरापासून दोन तासांच्या अंतरावरची शाळा निवडलेली आहे. एके दिवशी निजिका नावाची मुलगी तिला मैदानात गिटारसह गाठते आणि आपल्या बँडमधून ऐनवेळी पळून गेलेल्या वादकाच्या जागी तिला ओढत घेऊन जाते.

आता एक गोष्ट आठवून पाहा. एकटी असताना बोची इतकी उत्तम वाजवते, तरी त्या पहिल्या कार्यक्रमात तिचे वादन सुमार होते, ते का? तिचा हात कच्चा नसतो, तिला दुसऱ्यांकडे पाहता येत नसते. एकटीने वाजवताना लय आपल्या हातात असते. इतरांबरोबर वाजवताना ढोल वाजवणारीचा हात, गाणारीचा श्वास, सगळे ऐकावे आणि पाहावे लागते, आणि बोचीची नजर तर जमिनीवर खिळलेली असते. तुझी अडचण नेमकी हीच असणार. म्हणून घरी तासभर अधिक सराव करण्यापेक्षा गाणाऱ्या मुलीला आणि तबलजीला पडवीत बोलाव आणि तिघांनी मिळून बसा. ती कुठे श्वास घेते, कुठली ओळ दोनदा म्हणते, तिहाईला तबलजी मान कशी हलवतो, हे एकदा ओळखीचे झाले, की समोर शंभर माणसे असली काय आणि दोनशे असली काय, तुझे लक्ष त्या दोघांतच गुंतलेले राहील. दशावतारातला पेटीवाला पाहिला असशीलच. रंगमंचाच्या कडेला बसून तो रात्रभर नटाच्या तोंडाकडे पाहत वाजवतो. प्रेक्षकांशी त्याला काही देणेघेणे नसते. साथीला बसणाऱ्याला ही मोठीच सवलत आहे. गाणारीला ती नसते, तेव्हा खरी दया तिची यायला हवी.

सहाव्या भागात बोची रस्त्याच्या कडेला डोळे मिटून वाजवते. तिच्या साथीला असलेली बाई तिला सांगते, की समोर उभी असलेली माणसे तुझी शत्रू नाहीत. मग ती एक डोळा किलकिला करून पाहते, तो समोर एक मुलगी तिला प्रोत्साहन देत असते. बाराव्या भागात शाळेच्या महोत्सवात ऐन वाजवताना तिच्या गिटारची तार तुटते. सगळा कार्यक्रम कोसळणार असे वाटत असताना शेजारी उभी असलेली किता, जी गिटार अलीकडेच आणि तेही बोचीकडूनच शिकलेली असते, ती वाजवणे लांबवून तिला सावरायला अवधी देते. तेवढ्यात बोची जवळ पडलेला मद्याचा लहानसा पेला उचलते आणि तो तारांवर घासून राहिलेले वादन पुरे करते. कितापाशी बोचीचे कौशल्य नव्हते, पण तिला बोचीची चाल पाठ होती. तुझ्या पेटीची एखादी पट्टी ऐनवेळी अडकली, तर तबलजीने दोन आवर्तने भरून काढावीत, हे आजच त्याच्याशी ठरवून ठेव.

जाता जाता एक गंमत. बोचीच्या बँडमधल्या चौघींची गोतो, किता, यामादा आणि इजिची ही आडनावे ‘एशियन कुंग-फू जनरेशन’ या खऱ्याखुऱ्या जपानी बँडमधील चौघा वादकांची आहेत.

प्रश्न : माझ्या शाळेचा पट नऊ आहे. आमची मुले वाडीत बिनधास्त असतात, पण पुढे तालुक्याच्या हायस्कूलात गेली, की मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात. त्यांना दाखवता येईल अशी एखादी मालिका आहे का?
— एक प्राथमिक शिक्षक, संगमेश्वर तालुका

उत्तर : गुरुजी, तुमच्यासाठी दोन मालिका सुचवतो, एक मुलांसाठी आणि एक मुख्यतः तुमच्यासाठी.

पहिली ‘नॉन नॉन बियोरी’. हिचे पहिले पर्व २०१३ साली आले. डोंगरांत वसलेल्या गावातल्या शाळेत पहिलीपासून नववीपर्यंतचे मिळून पाचच विद्यार्थी आहेत आणि ते एकाच खोलीत आपापले पुस्तक उघडून बसतात. यापेक्षा अधिक ओळखीचे दृश्य तुम्हाला कुठे सापडेल! पाचांपैकी सुगुरू हा मोठा मुलगा तोंडातून चकार शब्द काढत नाही, तरी प्रत्येक खेळात आणि सहलीत तो असतोच, आणि तो का बोलत नाही असे त्याला कुणी विचारत नाही. चौथ्या भागात पहिलीतल्या रेंगेला सुटीत आजीकडे आलेली होनोका भेटते. गावात तिच्या वयाचे दुसरे कुणीच नसल्यामुळे तिला झालेला आनंद आणि नंतर एके सकाळी होनोका निरोप न घेताच गेल्याचे कळल्यावर तिचे दारात थिजून उभे राहणे, हा भाग मे महिन्यात चाकरमान्यांच्या मुलांशी गट्टी जमवणाऱ्या आपल्या कुठल्याही मुलाला समजावून सांगावा लागणार नाही. विनोदी मालिकेत इतका वेळ नुसत्या एका लहान चेहऱ्यावर थांबण्याचे धाडस सहसा कुणी करत नाही.

दुसरी ‘स्किप अँड लोफर’. मिसाकी ताकामात्सु यांच्या चित्रकथेवरून केलेली ही १२ भागांची मालिका २०२३ साली आली. तिची नायिका मित्सुमी जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील इशिकावा प्रांतातल्या समुद्रकाठच्या लहानशा गावातून थेट तोक्योच्या मोठ्या शाळेत येते. गावात ती सर्वांत हुशार. मोठे सरकारी अधिकारी व्हायचे आणि ओस पडत चाललेल्या आपल्या गावासारख्या गावांसाठी काही करायचे, असा तिचा बेत ठरलेला असतो. पहिल्याच दिवशी ती शहराच्या रेल्वेच्या जाळ्यात वाट चुकते, धावतपळत शाळा गाठते, नव्या विद्यार्थ्यांच्या वतीने करायचे भाषण पार पाडते आणि मग शिक्षकांच्या अंगावर उलटी करते. आपल्याकडून मुंबईला शिकायला गेलेल्या आणि पहिल्यांदा दादरला उतरलेल्या कुठल्याही मुलाला हा प्रसंग अतिशयोक्त वाटणार नाही.

मित्सुमी स्वतः बुजरी नाही, हे मुद्दाम सांगतो. ती सरळ आहे आणि अडखळली तरी पुन्हा चालू लागते. बुजरी आहे ती तिच्या वर्गातली मकोतो, जी पुस्तकात डोके खुपसून बसते आणि देखण्या, नटव्या मुलींपासून चार हात लांब राहते. या मकोतोची आणि वर्गातल्या सर्वांत देखण्या युझुकीची मैत्री कशी जुळते, ते तुम्ही शिक्षक म्हणून बारकाईने पाहा. दोघींना एकमेकींविषयी अढी असते, पण दोघींना मित्सुमी आवडते, आणि तिच्यामुळे त्यांना एका टेबलाशी बसावे लागते. अढी सुटायला तेवढे पुरते.

तुमची मुले हायस्कूलात मुकी होतात, कारण तिथे त्यांना कामच नसते. तुमच्या शाळेत नवांपैकी प्रत्येकजण घंटा देतो, परिपाठ घेतो, पोषण आहार वाढतो. साठांच्या वर्गात तोच मुलगा हजेरीपुरता उरतो. जपानी शाळांत वर्ग झाडण्यापुसण्याचे काम मुलेच पाळीने करतात आणि या मालिकांतली पुष्कळशी संभाषणे हातात झाडू असतानाच होतात, हा योगायोग नव्हे. पुढील जूनमध्ये हायस्कूलच्या वर्गशिक्षकांना भेटून इतकेच सुचवा, की वाडीतून येणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात गावातल्या एका मुलाबरोबर जोडीने काहीतरी नेमून द्यावे, मग ते पाण्याची टाकी पाहणे असो की प्रयोगशाळेतल्या काचा पुसणे असो. उभे राहून स्वतःची ओळख करून देण्याचा कार्यक्रम त्यानंतर ठेवला तरी चालेल; न ठेवला तर उत्तमच.

प्रश्न : या मालिकांत बुजऱ्या माणसाच्या त्रासावर हसायला लावतात, हे मला खटकते. मी स्वतः लोकांत गेलो की गप्प होतो आणि त्यात मला विनोदी असे काही वाटत नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, सावंतवाडी

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे आणि ती सगळ्याच मालिकांना लागू पडत नसली, तरी काहींना नक्कीच पडते. हसू कुणाच्या बाजूने येते, यावर सगळे अवलंबून आहे. बोचीच्या मनात एखादी साधी भेट ठरल्याबरोबर तिच्या सर्वनाशापर्यंतचे चित्रपट सुरू होतात, ती वितळते, तिचे तुकडे होतात. तिथे आपण तिच्या डोक्यात शिरून हसतो, कारण तसले चित्रपट आपल्याही डोक्यात चाललेले असतात. तिच्या मैत्रिणी तिची कधी टिंगल करत नाहीत असे नाही, पण तिच्याशिवाय सरावाला सुरुवातही करत नाहीत.

याउलट २०१३ सालची ‘वातामोते’. तिची नायिका तोमोको कुरोकी हायस्कूलात आल्यावर आपण लोकप्रिय होऊ असे मनात धरून बसते आणि तिच्याशी कुणीच बोलत नाही. तिच्या वाट्याला तादानो येत नाही, निजिका येत नाही. मालिका संपते तेव्हाही ती जवळजवळ तिथेच असते, आणि पाहताना कित्येकदा मान दुसरीकडे वळवावीशी वाटते. मूळ चित्रकथेत मात्र पुढे शाळेच्या क्योतो सहलीनंतर तिच्याभोवती हळूहळू माणसे जमू लागतात. तिथेही ती सहलीच्या एका गटात नाइलाजाने घातलेल्या मुलींबरोबर राहिल्यामुळे जमतात, हे तुम्हाला लक्षात घेण्यासारखे वाटेल. मालिकेपेक्षा ती चित्रकथा कितीतरी समंजस आहे. तुम्ही ‘वातामोते’ पाहून हे पत्र लिहिले असेल, तर मी तुमच्या बाजूने आहे.

कोमीबाबत माझे मत मधले आहे. शंभर मित्रांचा आकडा गाठायचा, म्हणून प्रत्येक भागात एकेक विक्षिप्त पात्र आणले जाते आणि त्यांतील निम्मी पात्रे एकाच विनोदापुरती उरतात. मैत्रीची अशी मोजदाद मला रुचत नाही. फळ्याचा प्रसंग मात्र कितीही वेळा पाहिला तरी फिका पडत नाही.

प्रश्न : नातवंडांबरोबर पाहायचे म्हटले, तर या मालिका कुठे मिळतात आणि कोणत्या क्रमाने पाहाव्यात? आम्हाला जपानी येत नाही आणि पावसात इकडे विजेचा भरवसा नसतो.
— एक आजोबा, दापोली

उत्तर : ‘कोमी’ नेटफ्लिक्सवर आहे, ‘बोची’ आणि ‘स्किप अँड लोफर’ या क्रंचीरोल या अ‍ॅनिमेसाठीच असलेल्या सेवेने प्रसारित केल्या आहेत. या सेवांवरील यादी अधूनमधून बदलत असल्याने वर्गणी भरण्यापूर्वी नातवंडांकडून मोबाइलवर शोधून घ्यावे. प्रत्येक भाग सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाण्यांसह सुमारे २४ मिनिटांचा असतो. आवाज मूळ जपानी ठेवून खाली इंग्रजी अक्षरे वाचणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि नातवंडांनी ती मोठ्याने वाचून मराठीत सांगावीत, असे ठरवलेत तर त्यांचाही त्यात सहभाग राहील. विजेचे म्हणाल, तर दोन्ही सेवांत भाग आधी उतरवून ठेवण्याची सोय आहे, मात्र क्रंचीरोलवर ती कोणत्या वर्गणीत मिळते, ते आधी पाहून घ्यावे. वीज असताना चार भाग उतरवून ठेवले, की एक संध्याकाळ निभावते.

क्रम असा काही नाही. नातवंडे प्राथमिक शाळेत असतील तर ‘नॉन नॉन बियोरी’ने सुरुवात करा, तिच्यात गाव, पाऊस, ओढा आणि उन्हाळ्याची सुटी एवढेच आहे आणि तुम्हालाही ती संथ गती मानवेल. सातवीच्या पुढची असतील तर ‘स्किप अँड लोफर’ घ्या. ‘बोची’ ती तुमच्या आधीच पाहून बसलेली असण्याची शक्यता अधिक आहे.